अंदाजे, सुमारे, जवळपास: गणित-विज्ञानातल्या आसन्न किमतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातली नववी ते बारावीची मुलं, त्यांचे आईवडील, डिप्लोमा-इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आणि अधूनमधून एखादे दुकानदार किंवा कंत्राटदार हे प्रश्न पाठवत असतात. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा न लिहिता तिथला क्रमांक दिला आहे. उदाहरणं जमेल तिथे आपल्याच गावची घेतली, म्हणजे ज्याला हवं त्याला ती पडताळून पाहता येतील.

१. "अंदाजे" उत्तर म्हणजे मनाला येईल तो आकडा का?

मनाला येईल तो आकडा म्हणजे तुक्का. आसन्न किंमत म्हणजे खऱ्या किमतीजवळचा असा आकडा, ज्याच्याबद्दल तो किती जवळ आहे हेही सांगता येतं. "खोली साधारण १२ फूट आहे" हे अर्धंच वाक्य झालं. "१२ फूट, फार तर दोन इंच कमीजास्त" हे पूर्ण वाक्य. टाइल्स मागवणाऱ्याला दुसऱ्या वाक्यावर काम करता येतं, पहिल्यावर नाही. पुढच्या बहुतेक उत्तरांत दोनच गोष्टी तपासल्या आहेत: किती चुकतं, आणि हातातल्या कामाला तेवढं चालतं का.

२. पायची (π, वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) किंमत २२/७ घ्यायची की ३.१४? जास्त बरोबर कोणती?

पेपरमध्ये "पाय = ३.१४ घ्या" असं छापलेलं असेल तर ३.१४ घ्या, तिथे वाद नको. काहीच दिलं नसेल आणि त्रिज्या किंवा व्यास ७ च्या पटीत असेल तर २२/७ ने आकडेमोड सोपी जाते.

जास्त जवळची कोणती, हे मात्र पुष्कळांना उलटं वाटतं. दशांशात लिहिलेली संख्या अधिक नेमकी असणार, असा समज असतो. तपासून पाहा. पायची किंमत ३.१४१५९२६५… अशी चालते. २२/७ म्हणजे ३.१४२८५७…, ती ०.००१२६ ने जास्त आहे. ३.१४ ही ०.००१५९ ने कमी आहे. म्हणजे २२/७ जास्त जवळची. त्यातही एक वरून चुकते, एक खालून, आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: टाकीत किती पाणी मावेल हे ३.१४ ने काढलंत तर उत्तर किंचित कमी येईल, २२/७ ने काढलंत तर किंचित जास्त.

आपल्याकडे हा विचार फार जुना आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ दिला, म्हणजे ३.१४१६, आणि तो जवळपासचाच आहे असं स्वतःच नोंदवून ठेवलं. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात दोन किमती शेजारी शेजारी दिल्या: ३९२७/१२५० ही सूक्ष्म आणि २२/७ ही व्यवहारासाठी स्थूल. कामाप्रमाणे किंमत निवडा, हे त्यांनी इतक्या सरळपणे मांडलं की आजच्या वर्गातही तसंच शिकवावं. फरक किती पडतो तेही बघा. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किमी धरला तर २२/७ ने परीघ १६ किमी जास्त येतो, ३.१४१६ ने फक्त ९० मीटरच्या आसपास. अंगणातल्या हौदासाठी दोन्हीत काही फरक पडत नाही.

अपूर्णांकच आवडत असेल तर ३५५/११३ पाठ करा. तो दशांश चिन्हानंतर सहा अंकांपर्यंत पायशी जुळतो.

३. "पाय = २२/७" असं लिहिलं तर मार्क काहून कटले? पुस्तकातच तर आहे!

चिन्हामुळे. पाय ही अपरिमेय संख्या आहे, कोणत्याही अपूर्णांकाशी ती बरोब्बर जुळत नाही. १७६१ मध्ये लॅम्बर्ट या गणितज्ञाने हे सिद्ध केलं. म्हणून "=" च्या जागी "≈" हवं. गणित सोडवताना "पाय = २२/७ घेऊन" असं लिहिलेलं चालतं, कारण तिथे तुम्ही किंमत निवडल्याचं सांगता. पण "पाय परिमेय आहे का?" या प्रश्नाच्या उत्तरात २२/७ लिहून "हो" म्हटलं, तर ते चूकच.

४. २.५ राउंड ऑफ केल्यावर ३ की २? शाळेत ३ शिकवतात, कॉम्प्युटर २ दाखवतो.

दोन्ही नियम खरे आहेत, वेगवेगळे आहेत. शाळेतला नियम: ५ किंवा जास्त असेल तर वर. एक्सेलमधलं राउंड हेच करतं. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत २.५ चं २ होतं आणि ३.५ चं ४, कारण तिथे अगदी मधोमध असलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेतात. एकच संख्या असेल तर काही बिघडत नाही. पण हजारो नोंदींची बेरीज करायची असेल आणि प्रत्येक अर्धा वरच ढकलला, तर बेरीज हळूहळू फुगते. सम संख्येकडे नेलं की अर्धे वर, अर्धे खाली जातात आणि फुगवटा राहत नाही.

पैशाच्या व्यवहारात नियम कायद्याने ठरलेला असतो. जीएसटीची रक्कम जवळच्या रुपयावर नेतात, ५० पैसे किंवा जास्त असतील तर वर. परीक्षेत आपल्या पुस्तकातला नियम वापरा.

५. मधल्या पायऱ्यांमध्ये राउंड ऑफ केलं तर चालतं का?

टाळा. २.४४९ ही संख्या जवळच्या पूर्णांकात २ होते. पण आधी २.४५ केली, मग २.५, मग ३, तर उत्तरच बदललं. मधल्या पायऱ्यांत एकदोन अंक जास्तीचे ठेवा, राउंड ऑफ शेवटी एकदाच.

यात किती मोठा घोळ होऊ शकतो याचं उदाहरण कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराचं आहे. जानेवारी १९८२ मध्ये त्यांचा निर्देशांक १,००० वर सुरू झाला. दर व्यवहारानंतर तो नव्याने काढायचे आणि तीन दशांशांपुढचे अंक राउंड ऑफ न करता नुसते छाटून टाकायचे. छाटलेला प्रत्येक तुकडा हजाराव्या भागाहूनही लहान. पण तो दरवेळी एकाच दिशेने जात होता, आणि दिवसाला हजारो वेळा. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४.८११ दाखवत होता, नव्याने मोजल्यावर तो १,०९८.८९२ निघाला. चूक बारीक असली तरी तिची दिशा ठरलेली असेल तर ती साचत जाते.

६. सर, मुलगा दहावीत आहे. प्रत्येक उत्तर कॅल्क्युलेटरवर पाहून आठ दशांशांपर्यंत लिहून राहिला. बरोबर आहे का?

मोजपट्टीने १२.३ सेमी आणि ४.५ सेमी मोजलं, गुणाकार ५५.३५ आला. पण ४.५ मध्ये दुसरा अंकच थोडा डळमळीत आहे, खरी लांबी ४.४५ ते ४.५५ मध्ये कुठेही असेल. तेवढ्यानेच क्षेत्रफळ ५४.७ ते ५६.० होऊ शकतं. म्हणून उत्तर ५५ चौ. सेमी लिहायचं. गुणाकार-भागाकारात ज्या मापात सार्थ अंक (म्हणजे मोजून खरोखर मिळालेले अंक) सर्वांत कमी, तेवढेच उत्तरात ठेवायचे. बेरीज-वजाबाकीत सार्थ अंक मोजायचे नाहीत, तिथे दशांशस्थळं बघायची.

जास्तीचे अंक लिहिणं ही मेहनत वाटते, म्हणून मुलाला रागावू नका. त्याला फक्त एवढंच विचारा: "हा पाचवा अंक तू कशाने मोजलास?" मुलांना ते एका झटक्यात कळतं.

शेवटच्या शून्यांबद्दलही बरेच जण विचारतात. "१२०० मीटर" यात दोन सार्थ अंक आहेत की चार, हे नुसतं पाहून कळत नाही. १.२० × १०००, म्हणजे तीन, असं लिहिलं की संशय उरत नाही.

७. १ सेमीची चूक लहान की मोठी?

कशात, त्यावर. नागपूर-वर्धा अंतरात काहीच नाही, चष्म्याच्या काचेत सगळंच. म्हणून निरपेक्ष त्रुटीसोबत सापेक्ष त्रुटीही बघायची, म्हणजे चूक भागिले मूळ माप. गुणाकारात टक्केवारीच्या चुका जवळपास बेरजेने वाढतात: लांबीत १ टक्का, रुंदीत १ टक्का, तर क्षेत्रफळात सुमारे २ टक्के. वजाबाकीत काय होतं, ते प्रश्न २१ मध्ये.

८. अचूक आणि नेमकं यात फरक काय? दोन्ही एकच ना?

नेमकेपणा म्हणजे माप किती बारीक आणि किती सारखं येतं. अचूकता म्हणजे ते खऱ्या किमतीच्या किती जवळ आहे. ३० मे २०२४ रोजी आपल्या शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सियस दाखवलं आणि देशभर बातमी झाली. हवामान खात्याने नंतर सेन्सरमधला दोष असल्याचं सांगितलं. अशी यंत्रं अंशाच्या दहाव्या भागापर्यंत आकडा देतात, तेव्हा नेमकेपणा भरपूर होता. अचूकता नव्हती. त्या दिवशी ऊन भयंकरच होतं, पण ५६ नव्हतं.

दशांश वाढवून अचूकता येत नाही. ती यंत्र प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहिल्यानेच येते.

९. झिरो माईलवर (नागपुरातला सर्वेक्षणाचा जुना दगड) समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट दिली आहे. इतके अंक खरे मानायचे?

फुटाचा हजारावा भाग म्हणजे ०.३ मिलिमीटर. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, आणि उंची मिलिमीटरच्या आत माहीत? शंका रास्त आहे.

ही उंची कशी येते ते पाहा. सर्वेक्षक दोन पट्ट्या उभ्या करून मधून दुर्बिणीने वाचन घेतात, मग पुढे सरकतात, आणि अशा हजारो टप्प्यांनी समुद्रापासून आत येतात. प्रत्येक टप्प्यात थोडी चूक राहते. चुका दोन्ही दिशांच्या असल्याने त्या सरळ बेरजेने वाढत नाहीत, अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतात. दर किलोमीटरला १ मिमी अशी उत्तम प्रत धरली तरी ८०० किमीवर साधारण २८ मिमी होतात. तेव्हा समुद्राच्या संदर्भात तिसरा दशांश फार काही सांगत नाही.

मग लिहिला कशाला? कारण असा दगड आसपासच्या उंच्या मोजण्याचा आधार असतो. शेजारच्या खुणेशी तुलना करताना दोन्हींत समुद्रापासूनची तीच चूक असते आणि ती वजाबाकीत निघून जाते. तिथे तो बारीक अंक उपयोगी पडतो. मीटरमध्ये सांगायचं तर ३११ मीटर म्हणा, पुरतं.

१०. झिरो माईल हा भारताचा बरोब्बर मध्य आहे ना?

आपल्याला सगळ्यांना तसं म्हणायला आवडतं, पण "मध्य" कसा काढला हे सांगितल्याशिवाय "बरोब्बर" म्हणता येत नाही. भूगोलाच्या पुस्तकातले आकडे घ्या: मुख्य भूमी ८°४′ ते ३७°६′ उत्तर आणि ६८°७′ ते ९७°२५′ पूर्व. या टोकांचा मध्यबिंदू २२°३५′ उत्तर, ८२°४६′ पूर्व येतो, म्हणजे छत्तीसगडमध्ये कोरब्याच्या बाजूला, आपल्यापासून सुमारे ४०० किमीवर. टोकांऐवजी नकाशाचा तोल साधणारा बिंदू घेतला तर उत्तर वेगळं, बेटं धरली तर आणखी वेगळं, आणि फाळणीपूर्वीचा नकाशा घेतला तर आणखीच वेगळं. "देशाच्या मध्यभागी नागपूर" हे ढोबळमानाने योग्य आहे. दगडावर बोट ठेवून "इथेच" म्हणणं योग्य नाही.

११. गुरुत्व त्वरण ९.८ घ्यायचं, ९.८१ की सरळ १०? नागपुरात खरं किती आहे?

नागपुरात साधारण ९.७८६ मीटर प्रति सेकंद वर्ग. ९.८१ हे युरोपच्या अक्षांशांच्या आसपासचं मूल्य आहे. पृथ्वी फिरते आणि विषुववृत्तापाशी थोडी फुगलेली आहे, म्हणून आपल्यासारख्या २१ अंशांच्या गावी मूल्य कमी येतं. ३११ मीटर उंचीमुळे आणखी किंचित कमी होतं.

९.८ घेतलं तर चूक ०.१४ टक्के, १० घेतलं तर सव्वादोन टक्क्यांच्या आत. २० मीटर उंचीवरून दगड सोडला तर १० घेऊन वेळ २.०० सेकंद येतो, नागपूरचं खरं मूल्य घेऊन २.०२. हातातलं स्टॉपवॉच दाबायलाच माणसाला ०.२ सेकंदांच्या आसपास लागतात. म्हणून स्पर्धा परीक्षांत १० देतात तेव्हा ती फसवणूक नसते, गणित डोक्यात करता यावं म्हणून देतात. प्रयोगशाळेत लंबकाने मूल्य काढत असाल आणि ९.७९ आलं, तर पुस्तकाशी जुळवायला ते ९.८१ करू नका. तुमचं उत्तर जास्त चांगलं आहे.

१२. पाणी १०० अंशांनाच उकळतं ना?

समुद्रसपाटीच्या दाबाला. आपल्याकडे ९९ अंशांच्या जवळ. तुमचा थर्मामीटर ९९ दाखवत असेल तर तो बिघडलेला नाही.

१३. फिजिक्समध्ये साइन थीटाच्या जागी सरळ थीटा लिहितात. हे चालतंच कसं?

कोन लहान आणि रेडियनमध्ये असेल तर चालतं. दोन्ही अटी पाळायच्या. अंशात १० चा साइन ०.१७३६ आहे, १० नाही. रेडियनमध्ये १० अंश म्हणजे ०.१७४५. दोन्हींत फरक अर्धा टक्का.

हे करायचं कारण असं की साइन तसाच ठेवला तर लंबकाचं समीकरण नेहमीच्या सूत्रांनी सुटत नाही. थीटा ठेवला की सुटतं आणि आवर्तकालाचं ओळखीचं सूत्र मिळतं. या सोपेपणाची किंमतही काढता येते: खरा आवर्तकाल सूत्राहून जवळपास थीटाचा वर्ग भागिले १६ इतक्या प्रमाणात जास्त असतो. लंबक १० अंश बाजूला ओढला तर ०.१९ टक्के, २० अंशांना ०.७७ टक्के, ३० अंशांना पावणेदोन टक्के. कोन दुप्पट केला की चूक चौपट. म्हणूनच प्रॅक्टिकलला मॅडम "कमी ओढ" असं सांगत असतात.

बारावीची मुलं हे गाळणं मनापासून मान्य करत नाहीत, आणि त्यांचा हा हट्ट मला आवडतो. जे पद गाळलं ते किती मोठं होतं हे विचारणाऱ्याला भौतिकशास्त्र चांगलं येतं.

१४. पृथ्वी गोल आहे, मग नकाशा काढणारे आणि इंजिनिअर ती सपाट का धरतात?

लहान भागात चालतं म्हणून. पण "चालतं" कशासाठी, हे इथे फार सुंदर दिसतं. १० किमी अंतर घ्या. गोलाईमुळे सरळ रेषेतलं अंतर आणि जमिनीवरचं अंतर यात फक्त १ मिमी फरक पडतो. उंचीचं मात्र तसं नाही. क्षितिजसमांतर धरलेली दृष्टिरेषा १० किमीवर पृथ्वीच्या पृष्ठापासून सुमारे ८ मीटर वर निघून जाते. एकच गृहीतक, एकच अंतर, लांबीसाठी निर्धोक आणि कालव्याचा उतार काढायला घातक. म्हणून "हे गृहीतक चांगलं आहे का?" असं मोघम विचारू नये. कशासाठी चांगलं, ते विचारावं.

कोनांचंही असंच. सपाट त्रिकोणात १८० अंश. पृथ्वीच्या पाठीवर काढलेल्या त्रिकोणात थोडे जास्त: दर १९७ चौ. किमीमागे साधारण एक विकला, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. आपल्या महापालिकेच्या हद्दीएवढ्या त्रिकोणात एक विकलेहून किंचित जास्त. साध्या प्लॉटच्या मोजणीत ते कोणी बघत नाही. पण १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून विल्यम लॅम्बटनने त्रिकोणांनी भारत मोजायला सुरुवात केली, तेव्हा त्याचे त्रिकोण डोंगरमाथ्यापासून डोंगरमाथ्यापर्यंत पसरलेले होते. ही जादा विकला प्रत्येक त्रिकोणातून हिशेबाने काढावी लागली. त्याचं मोठं काम चालू असतानाच १८२३ मध्ये तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे, इथून दीड-दोन तासांच्या अंतरावर. पुढे ते काम जॉर्ज एव्हरेस्टने नेलं.

१५. आइन्स्टाइनने न्यूटनला चूक ठरवलं, तरी आम्ही न्यूटन का शिकतो?

कारण न्यूटनचे नियम ही आसन्न किंमत आहे आणि तिची चूक मोजता येते. ताशी ८० किमी वेगाने धावणाऱ्या मेट्रोतलं घड्याळ वेगामुळे तासाभरात सेकंदाच्या दहा हजार कोटीव्या भागाइतकं मागे पडतं. त्यासाठी सापेक्षता वापरायची गरज नाही. जीपीएसच्या उपग्रहांमध्ये मात्र वेग आणि गुरुत्व दोन्हींमुळे घड्याळ दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. ती दुरुस्ती नसेल तर अंतरातली चूक दिवसाला ११ किमीच्या आसपास साचत जाईल, आणि सीताबर्डीत उभ्या माणसाला फोन हिंगण्यात दाखवेल.

१६. कॅल्क्युलेटर नसताना वर्गमूळ जवळपास कसं काढायचं?

दीड हजार चौ. फुटांचा चौरस प्लॉट आहे, बाजू किती? ४० धरून पाहा. १५०० ÷ ४० = ३७.५. म्हणजे खरं उत्तर ३७.५ आणि ४० यांच्या मध्ये कुठेतरी. सरासरी ३८.७५. इथे थांबलात तरी चूक पाव इंचाची. पुन्हा तेच करा: १५०० ÷ ३८.७५ = ३८.७०९७, सरासरी ३८.७२९८, आणि हे चारही दशांशांपर्यंत बरोबर.

या रीतीची एक गंमत: पहिल्या सरासरीनंतर उत्तर नेहमी थोडं वरच राहतं, खाली जात नाही. त्यामुळे कोणत्या बाजूने चुकतोय हे आपोआप कळतं. २ चं वर्गमूळ ३/२ पासून सुरू केलं तर १७/१२ आणि मग ५७७/४०८ मिळतं. शुल्बसूत्रांत यज्ञवेदीच्या मोजमापासाठी दिलेली किंमत हीच. ती खऱ्या वर्गमुळापेक्षा फक्त ०.०००००२ ने जास्त आहे.

१७. मुलाखतीत विचारलं, "नागपूर शहरावर वर्षभरात किती पाणी पडतं?" असं कुणाला माहीत असतं का?

माहीत नसतं, काढता येतं. शहराचं क्षेत्रफळ सव्वादोनशे चौ. किमीच्या आसपास. वर्षाचा पाऊस सुमारे ११०० मिमी, म्हणजे १.१ मीटर. गुणाकार: सुमारे २५ कोटी घनमीटर, वर्तमानपत्राच्या भाषेत २५० दलघमी. तोतलाडोह धरण साधारण एक हजार दलघमीचं, तेव्हा शहराच्या डोक्यावर दरवर्षी त्याच्या पाव भागाइतकं पाणी पडतं.

उत्तर २४७.५ असं सांगू नका. पाऊस एका वर्षी भरपूर, दुसऱ्या वर्षी ओढ देतो, "२०० ते ३००" एवढंच खात्रीने म्हणता येतं. परीक्षकाला पायऱ्या ऐकायच्या असतात, आणि कोणत्या पायरीवर तुमचा भरवसा सर्वांत कमी आहे हेही.

१८. पैसे दुप्पट व्हायला ७२ ला व्याजदराने भागायचं म्हणतात. हे किती खरं?

लहान दराला खूप खरं. ८ टक्क्यांना ९ वर्षं, नेमकं उत्तर ९.०१. १२ टक्क्यांना ६, नेमकं ६.१२. दर वाढला की नियम सुटू लागतो: ३६ टक्क्यांना नियम २ वर्षं म्हणतो, पण १ लाखाचे दोन वर्षांत १.८५ लाखच होतात.

"शेकडा तीन" महिन्याचं चक्रवाढ असेल तर? ७२ ÷ ३ = २४ महिने, आणि दोन वर्षांत १ लाखाचे २.०३ लाख. इथे नियम पुन्हा जुळतो, कारण प्रत्येक टप्प्यावरचा दर लहान आहे. वर्षाचे ३६ आणि महिन्याचे ३ एकच आहेत, असं सांगून कर्ज देणारे असतात. दोन वर्षांत फरक १८ हजारांचा पडतो.

१९. शंका असेल तर नेहमी वरच राउंड ऑफ करायचं का?

चूक कोणत्या बाजूला महाग पडते ते बघा. सहलीला १३० मुलं, बसमध्ये ५२ जागा, भागाकार २.५, बस तीन. सिमेंट, वायर, रंग हेही वर. पुलावर किती भार चालेल, लिफ्टमध्ये किती माणसं, औषधाचा जास्तीत जास्त डोस किती, हे खाली. जवळच्या आकड्याकडे नेण्याचा शाळेतला नियम इथे लागू नाही.

२०. कॉम्प्युटर ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ देतो. मशीन खराब आहे का?

मशीन ठीक आहे. कॉम्प्युटर दोनच्या घातांत मोजतो आणि त्यात ०.१ कधीच पूर्ण लिहून होत नाही, जसा आपल्या दशांशात १/३ होत नाही. कुठेतरी तोडावंच लागतं.

एरवी हे बिनधोक असतं. पण २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या धाहरान इथे पॅट्रियट क्षेपणास्त्रयंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत होती, आणि ०.१ ची किंमत २४ बिटांत छाटलेली होती. यंत्रणा सलग १०० तास सुरू राहिल्याने घड्याळ ०.३४ सेकंदांनी चुकलं. तेवढ्या वेळात येणारं क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून पुढे जातं. ते अडवता आलं नाही आणि २८ सैनिक मेले. चूक साचत जाण्याचं कारण प्रश्न ५ मध्ये आहे तेच.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी: दशांश संख्या "समान आहेत का" असं तपासू नका, "फरक इतक्याहून कमी आहे का" असं तपासा. पैसे रुपयांत न ठेवता पैशांत, पूर्णांकात ठेवा.

२१. दोन्ही मापं जवळजवळ अचूक होती, तरी वजाबाकीचं उत्तर इतकं चुकलं कसं?

कळमना मार्केटमधून हा प्रश्न आला होता, संत्र्यांचे काही क्रेट उतरवण्याआधी आणि नंतर गाडी धरमकाट्यावर घेतल्यावर. समजा काटा १० किलो इकडे-तिकडे दाखवू शकतो. आधी ८४६० किलो, नंतर ८४१०. प्रत्येक वाचनात चूक ०.१२ टक्के, म्हणजे उत्तमच. फरक ५० किलो. पण तो ३० ते ७० मध्ये कुठेही असू शकतो. चूक ४० टक्के!

जवळजवळ सारख्या दोन संख्या वजा केल्या की खात्रीचे अंक एकमेकांना खाऊन टाकतात आणि डळमळीत तेवढे उरतात. उपाय काट्यात नाही, पद्धतीत आहे: क्रेट वेगळे, लहान काट्यावर तोला. (प्रश्न ९ मध्ये वजाबाकीने फायदा झाला, कारण तिथे चूक दोन्हींत तीच होती. इथे दोन वाचनांच्या चुका स्वतंत्र आहेत.)

२२. मग विज्ञानात अगदी बरोब्बर असा एकही आकडा नाही?

आहेत की. मोजलेल्या वस्तू: वर्गात ४३ मुलं. व्याख्येने ठरवलेले: १ इंच = २.५४ सेमी, १ एकर = ४० गुंठे, १ गुंठा = १०८९ चौ. फूट. प्रकाशाचा निर्वातातला वेग २९,९७,९२,४५८ मीटर प्रति सेकंद हाही १९८३ पासून बरोब्बर आहे, कारण मीटरच त्यावरून ठरवला. सार्थ अंक मोजताना असे आकडे धरायचे नाहीत. "त्रिज्या = व्यास ÷ २" मधल्या २ मुळे उत्तराला एकच सार्थ अंक उरतो का, असं एकीने विचारलं होतं. नाही, तो २ व्याख्येतला आहे.

२३. स्टर्लिंगच्या सूत्राची चूक वाढत जाते आणि तरी सर म्हणतात की सूत्र अधिकाधिक चांगलं होतं. दोन्ही कसं खरं?

इंजिनिअरिंगच्या मुलांचा हा प्रश्न दर सत्राला येतो. १ पासून एखाद्या संख्येपर्यंतचा गुणाकार, म्हणजे फॅक्टोरियल, जवळपास काढायचं हे सूत्र. १ ते १० चा गुणाकार ३६,२८,८०० आहे, स्टर्लिंगचं सूत्र ३५,९८,६९६ देतं. फरक ३० हजारांवर. २० पर्यंतच्या गुणाकारात तो फरक अवाढव्य होतो, पुढे आणखी. पण प्रमाण बघा: १० ला ०.८३ टक्के, १०० ला ०.०८३ टक्के. निरपेक्ष त्रुटी वाढत जाते, सापेक्ष त्रुटी शून्याकडे जाते (प्रश्न ७). तिथे वापरलेलं "~" हे चिन्ह गुणोत्तर १ कडे जातं एवढंच सांगतं, वजाबाकी शून्याकडे जाते असं सांगत नाही. म्हणून दोन मोठ्या फॅक्टोरियलांचा भागाकार करायचा असेल, संभाव्यतेत बहुधा तेच करावं लागतं, तर स्टर्लिंग बिनधास्त वापरा. दोन फॅक्टोरियलांची वजाबाकी करून शेवटचे अंक हवे असतील तर हे सूत्र वापरू नका, पूर्ण गुणाकार करा.